आईचा आवाज, दोन कम्प्युटरांत

आईचं स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, दुसरं काय होणार! ऑपरेशनच्या आधी मी मोबाइल घेऊन तिच्या मागंच लागले. अंगणातून मारलेल्या हाका, धानाच्या रोवणीची गाणी, बाबांशी भांडणं, मला घातलेल्या शिव्या, सगळं रेकॉर्ड केलं. ते दोन ठिकाणी ठेवलं. एक माझ्या साकोलीच्या खोलीतल्या कम्प्युटरवर, दुसरं गावी आई-बाबांना दिलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर. दोन्हींवर लिनक्स, आणि दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणारा प्रोग्राम. तिकडे पुसलं की इकडचंही पुसलं जातं, हे आईला मीच समजावून सांगितलं होतं.

परवा दुपारी जेवता जेवता सहज फोल्डर उघडलं, तर डोळ्यांदेखत एक फाइल गेली. मग दुसरी. हाका गेल्या, भांडणं गेली. अगं बाई! खरकट्या हातानंच बाबांना फोन लावला.

"बाबा, लॅपटॉपले कोण हात लावून राहिलं?"

"मी तं बांधीत आहो, धानाले पाणी देऊन राहिलो. घरी तुही मायच आहे."

मग आईला लावला. तिनं उचलला. तिच्या गळ्याच्या छिद्रातून येणारा श्वास तेवढा ऐकू आला.

"आई, थांब ना वं! काहून पुसून राहिली? माह्याजवळ तुहं दुसरं काय आहे?"

मी इकडे ओरडतेय आणि रोवणीची गाणी एकेक करून चाललीत. शेवटी उठले आणि इंटरनेटची वायर खसकन उपटली. शिव्यांच्या फायली तेवढ्या उरल्या. वायर परत लावली की त्याही जाणार होत्या. मला तिचा असा राग आला की फोन कॉटवर फेकून दिला. आवाज काय तिच्या एकटीचा होता?

थोड्या वेळानं तिचा मेसेज आला.

"तुहे बाबा रोज संध्याकाळी ते लावून बसतेत. मी बाजूलेच आहो, माह्याकडं पाहतही नाही. मी मेली नाही ना अजून."

पुन्हा पुन्हा वाचलं. मग आठवू लागले, ऑपरेशन झाल्यापासून मी तिला फोन कधी केला? एकदाही नाही. ती बोलत नाही, म्हणून घरी फोन करायचा तो बाबांनाच. आता पहिल्यांदा तिला लावला, तोही फायलींसाठी.

मी परत तिचा नंबर लावला. तिनं उचलला. तोच श्वास.

"आई, जेवली का वं?" एवढंच विचारलं आणि मला रडू आवरेना.

तिनं फोन ठेवला नाही.