कमजोर हृदयाची चार वर्षं

लुओंग खिएम आईबापांचा सातवा मुलगा, पण फान थिएत गावात सगळे त्याला आठवा म्हणत. यात मोजण्याची चूक नव्हती. तिकडे थोरल्यालाच दुसरा म्हणतात. पहिला कोण ते कळलं तर नको त्याची नजर पडेल, म्हणून पहिली जागा रिकामीच ठेवायची. थोडक्यात, हा माणूस जन्मापासून त्याच्याच भल्यासाठी रचलेल्या एका खोट्यात राहत होता, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

त्याचं काम मासळीच्या अर्काची चव बघण्याचं. वर्षभर मिठात मुरलेल्या मांदेलीचा अर्क लाकडी पिंपातून ठिबकायला लागला की बशीत थोडा घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि पिंप अजून किती दिवस थांबणार ते सांगायचं. कारखान्यात त्याच्या जिभेपुढे मालकही बोलत नसे. बायको होती तेव्हा तीही त्याचं मत मानायची, अर्थात अर्कापुरतं. उरलेल्या वेळात तो सिगारेट ओढायचा.

साठीला टेकता टेकता पोटात दुखायला लागलं. मुलगी लोआन त्याला सायगॉनला घेऊन गेली. आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, ती कापून काढली. खिएमला सांगितलं, आतड्याला पीळ पडला होता.

"बापाला खरं सांग," डॉक्टर क्वेनबाई लोआनला म्हणाल्या.

"नाही सांगायची. नुसता शब्द ऐकून जेवण सोडतील. आमच्या आत्यानं तेच केलं."

"त्यांनी मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन." बाईंनी कागदावरून नजर उचलली. "पण तुला खोटं बोलायचंच असेल ना, तर निदान कामाचं बोल. हृदय कमजोर आहे म्हण. सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात. यातलं एकही वाया जाणार नाही."

लोआननं तसंच सांगितलं. खिएमनं डॉक्टरांना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गोळ्या हृदयाच्या, दर सहा महिन्यांची तपासणी हृदयाची, थकवाही हृदयाचाच.

आजाराशी त्याचं जमलं. त्यानं सिगारेट सोडली. अर्क चाखून थुंकायला लागला, आणि गिळण्यापेक्षा थुंकून चव जास्त कळते असा शोध लावला. पहाटे नदीच्या काठानं समुद्रापर्यंत चालत जायचा आणि वाटेत भेटेल त्याला हृदयाबद्दल सांगायचा. लग्नात कुणी पेला पुढे केला की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मला हृदय आहे."

"आणि आम्हाला काय, भोपळा आहे?" त्याचा जुना दोस्त मुओय म्हणायचा.

चार वर्षं अशी गेली. मग कारखान्याच्या मालकानं कामगारांसाठी फुकट तपासणी ठेवली. खिएम रांगेत सगळ्यांत पुढे होता, कारण तिथला मुरलेला हृदयरोगी तोच. तरुण डॉक्टरनं छातीला तारा लावल्या, कागद काढला, पुन्हा एकदा काढला.

"काका, कमजोर कोण म्हणालं? चाळिशीतल्या माणसाला शोभावं असं हृदय आहे तुमचं."

"सुधारलं असेल."

"कधी बिघडल्याची खूणच नाही."

खिएम घरी आला. लोआन भाजी चिरत होती. त्यानं तो कागद भाजीच्या शेजारी ठेवला.

"बा, मी सांगणारच होते."

"कधी? माझ्या श्राद्धाला?"

मग तिनं सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. छप्पर जागच्या जागी राहिलं. खिएमनं तो कागद पुन्हा उचलून बघितला. नंतर म्हणाला, "म्हणजे हृदयाला काहीच झालं नव्हतं?"

"नव्हतं, बा."

"आणि मी चार वर्षं बिनमिठाची पेज खाल्ली."

लोआनला रडू आलं. तिला वाटलं होतं बाप घाबरेल, खचेल. फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकासारखा तो तिच्याकडे बघेल, याची तयारी तिनं केली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बातमी मुओयच्या कानावर गेली. त्यानं येऊन सिगारेटचं पाकीट पुढे धरलं. "घे. हृदय सुटलं जामिनावर."

खिएमनं एक सिगारेट काढली, नाकाखाली धरली. लोआन दारात उभी होती. नको म्हणायचा हक्क आपण गमावलाय असं तिला वाटत होतं. हृदयाच्या नावावर चार वर्षं चाललेलं सगळं आता या एका काडीवर आलं होतं.

"आधी सायगॉनच्या त्या डॉक्टरबाईला विचारतो," खिएम म्हणाला आणि सिगारेट कानामागे खोचली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं दोघं सायगॉनला गेली. डॉक्टरांच्या खोलीत तो एकटाच शिरला.

"मला कॅन्सर झाला होता का?"

"झाला होता."

"मग हृदय कशाला मधे घातलंत? सिगारेट सोडून आतड्याला काय मिळालं?"

"कॅन्सर होऊन गेलेल्या माणसांवर लोकांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली आहे," क्वेनबाई म्हणाल्या. "ज्यांनी हृदय नीट सांभाळलं, त्यांच्यात हृदयानं मरणारे कमी निघतात, हे कुणीही सांगेल. पण कॅन्सरनं मरणारेही कमी निघतात. का, ते पुरतं उलगडलेलं नाही. शरीरात आतल्या आत जी सूज धुमसते ती दोन्हीकडे नुकसान करते, असं दिसतं. तुम्हाला हमी देत नाही. सिगारेट नको, हे मात्र हमीनं सांगते."

खिएमनं विचार केला. "पिंपाला बुरशी धरली की ती एकाच फळीपुरती राहत नाही. अख्खा माल जातो."

"हे मला सुचलं नव्हतं."

"तुम्ही पिंपं कुठं बघितलीत?" त्यानं कानामागची सिगारेट काढून बाईंच्या केराच्या टोपलीत टाकली. "यापुढे कागद माझ्या हातात द्यायचे. मुलीच्या नाही."

आल्यासारखं त्याचं रक्तही तपासून घेतलं होतं. लोआन तो अहवाल आणायला गेली तेव्हा तो बाहेर बाकावर बसला. शेजारी एक म्हातारी होती, पलीकडे तिचा मुलगा.

"तुम्हाला काय झालंय हो?" म्हातारीनं विचारलं.

"कॅन्सर झाला होता. चार वर्षं झाली." हे तो दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच सांगत होता, आणि चव बघितल्यासारखा क्षणभर थांबला. "तुम्हाला?"

"माझं हृदय कमजोर आहे म्हणतात."

मुलगा एकदम जमिनीकडे बघायला लागला. खिएमनं त्याला नीट निरखून घेतलं.

"जपा मग," तो म्हातारीला म्हणाला. "मीठ कमी करा. रोज चाला. पहिला महिना जड जातो."

म्हातारी आत गेल्यावर तो मुलाकडे सरकला. "आईचं चालणं सुटू देऊ नकोस. आणि बाकीचं सांगून टाक. आम्ही म्हातारी माणसं तुम्हाला वाटतो तेवढी नाजूक नसतो. तुम्ही खोटं बोललात की राग तेवढा येतो."

लोआन अहवाल घेऊन आली आणि सवयीनं पिशवीत टाकायला लागली. खिएमनं हात पुढे केला. तिनं अहवाल दिला. त्यानं चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला, एक आकडा कळला नाही तेव्हा तिला विचारला, तिनं खरा अर्थ सांगितला. सगळं जागच्या जागी होतं.

"चल," तो म्हणाला. लोआन लिफ्टकडे वळली, तोवर तो जिना उतरायला लागला होता.