तानुबाईचं आवतन

माझी सासू मनकर्णाबाई जिभेची तिखट. मेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात, पण तिच्याबद्दल गोड खोटं बोलले तर तीच उठून मला झापेल. तेव्हा खरं तेच सांगते.

अकोटजवळ तिचा वांगी-मिरचीचा मळा होता. मोठ्या दुष्काळात विहीर आटली, नवरा पटकीने गेला, आणि ती पोराला कडेवर घेऊन मिशनच्या अन्नछत्रात आली. शेजारची तानुबाईही तिच्याबरोबरच आली. दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, घरंही मिशनच्या आवारात समोरासमोर मिळाली.

पुढे एकदा विहिरीवर बादलीवरून भांडण झालं. तानुबाई चारचौघींत म्हणाली, “मले काय शिकवतं वं? भाकरीसाठी ख्रिस्ती झालेली बाई तू!” खोटं असतं तर सासूने हसून सोडलं असतं. खरं होतं, म्हणून झोंबलं.

आता आमच्या बायांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आवतनाशिवाय सख्ख्या भावाच्या घरीही कोणी जेवायला जायची नाही. मिशनच्या देवळाची घंटा वाजवून वाजवून फुटली असती, पण दारात कोणी येऊन “चला वो माय, प्रार्थनेले,” म्हटल्याशिवाय एक बाई उठत नसे. हे आवतनाचं काम सासूकडे होतं.

त्या वर्षी आमचे उपदेशक खुशालराव यांनी देवळात सांगितलं, की साता समुद्रापलीकडे वेल्समध्ये आणि इकडे आसामकडच्या खासी डोंगरात मोठी जागृती झाली. दारुडे सुधरले, वैरी गळ्यात पडले. “त्याईनं केलं काय? एका ठिकाणी जमले, एका मनानं मागत राहिले. आपल्या वऱ्हाडाले देव काहून देणार नाही?” झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज दिवेलागणीला सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायचं ठरलं.

सासू घरोघर फिरली. तानुबाईचं दार मात्र वगळलं. कोणी विचारलं तर बेधडक सांगायची, “बलावलं होतं मी. येत नाही थे.”

दिवसांमागून दिवस गेले, प्रार्थना कोरडीच. खुशालराव हात टेकून म्हणाले, “मोटेले एक भोक असलं तरी पाणी वर येत नाही. कोणाच्या तरी मनात गाठ हाय.” बायांनी लगेच ताडलं, ही गाठ तानुबाईची! देवाचं बोलावणं नाकारते म्हणजे काय! कोणी तिच्याशी बोलेना, चुलीला विस्तव देईना. सासूच्या समोरच्याच घरात हे चाललं होतं, ती रोज बघत होती. तरी कोणी विचारलं की तिचं उत्तर तेच, “बलावलं होतं मी.”

एका संध्याकाळी मात्र तिला सहन झालं नाही. भर प्रार्थनेत ती उभी राहिली, कपाळ बडवून घेत ओरडली, “मी तिले बलावलंच नाही! मी खोटं बोलली! भोक माह्यातच हाय!” मग मागून गोवर्धन उठला आणि ज्या भावाचं शेत बळकावलं होतं त्याचे पाय धरले. लीलाबाई हुंदके देऊ लागली. मग सगळं देऊळ एकदम, एका आवाजात प्रार्थना करू लागलं. बाप्पा रे! बघायला अकोल्याहून माणसं आली.

“मनकर्णाबाईच्या तोंडून जागृती पेटली,” असं जो तो म्हणू लागला. आपली गोष्ट देवळात उभं राहून सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला, तिला अकोल्याला बोलावलं, मूर्तिजापूरला बोलावलं. अमरावतीला तिची साक्ष संपली तेव्हा पार्बताबाई नावाच्या एका म्हातारीने सहज विचारलं, “मंग ते तानुबाई काय म्हणे वो?”

सासूने त्याच संध्याकाळी परतीचं गाठोडं बांधलं. देवाला सांगून झालं होतं, मंडळीला झालं होतं, अर्ध्या वऱ्हाडाला झालं होतं. समोरचं दार राहिलं होतं.

परत आल्याबरोबर ती तिथे गेली. तानुबाई मेथी निवडत होती. “चुकलं वं माहं. चाल प्रार्थनेले.”

तानुबाईने मान वर केली नाही. “साऱ्या जगाले सांगून आली, अन् मले आता सांगून राहिली? देवानं माफ केलं असन तुले. मले नाही जमत.”

त्यानंतर जन्मभर सासूचं पहिलं आवतन त्याच दाराला. तानुबाई कधीच आली नाही. पुढे मी नवी सून होऊन आले, तिच्याबरोबर जायची, मला लाज वाटायची. एकदा म्हटलं, “आत्याबाई, कायले अपमान करून घेता?”

“माहा कुठी झाला वं अपमान? तिचा झाला,” ती म्हणाली आणि रस्त्यातच डोळ्यांना पदर लावला. “लोकं मले देवाची बाई म्हणतात. मले रोज लाज वाटते.”

एका वर्षी थंडीत सासू गेली. देवळाची घंटा वाजली, पण रडारडीत आवतन द्यायचं कोणालाच सुचलं नाही. बाया आपापल्या घरी वाट बघत बसल्या. तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, “चला वो माय, मनकर्णाले पोचवाले चला!” काठी टेकत तानुबाई दारोदार फिरत होती.

सगळ्या बायांना आत पाठवून ती आमच्या उंबऱ्याबाहेर एकटीच थांबली.

“मले कोणी आवतन नाही देल्लं,” ती मला म्हणाली. “येऊ काय?”