मामांच्या जीपचे चार पिस्टन

मी पदवीधर झालो तो शेलूबाजारच्या नामदेवमामांमुळे, आणि त्यांची जीप तीन आठवडे बंद राहिली ती माझ्यामुळे.

शेलूबाजार ते मंगरुळपीर सवाऱ्या वाहून मामांनी माझी कॉलेजची फी भरली. मागच्या वर्षी ऐन लग्नसराईत त्या जीपने निळा धूर सोडला. इंजिनाचे चारही सिलिंडर झिजलेले. ते आतून कापून जरा रुंद करायचे, म्हणजे बोअर करायचे, आणि नवे पिस्टन बसवायचे. अक्षय तृतीयेच्या वऱ्हाडाचा इसार मामांनी घेऊन ठेवलेला.

गावातले लेथवाले हबीबचाचा म्हणाले, "बोअरिंगचे साडेचार हजार. पिस्टन तुमी आना."

"चाचा घरचेच हायत," मामा मला म्हणाले, "पन तू शिकेल आहे. तूच पाय."

मी पाहिलं. (इथेच चुकलं.) वहीत तक्ता आखून अकोल्याला तीन फोन लावले. एकाने पंधराशे सांगितले.

"मामा, चाचा तुमाले तिप्पट भाव लावून राह्यले."

मामांचा चेहरा पडला. वीस वर्षांची ओळख. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाचांकडचा चहा बंद केला.

इंजिनाचा ब्लॉक मी अकोल्याला नेला. काम झालं आणि बिल आलं सहा हजार.

"पंधराशे म्हणाला होता ना?"

"एका सिलिंडरचे. मोजा, साहेब."

बी.कॉम.ला संख्याशास्त्रात मला पहिला वर्ग होता. मोजले. चारच भरले.

ही तूट भरून काढायला मी मोबाइलवरून इम्पोर्टेड पिस्टन मागवले, निम्म्या भावात. खोक्यावरचं एकही अक्षर वाचता येईना, म्हणून माल अस्सल वाटला. मामांनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं आणि अंगणात पहिला पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला. तो विहिरीत बादली जावी तसा गेला. टण्ण!

मामांनी ब्लॉक उचलून चाचांकडे नेला.

"आधी पिस्टन आनाचा असते, बाबू," चाचा म्हणाले. "त्याच्या मापानं बोअर कराची असते. म्हनून तं म्हनलो होतो, पिस्टन तुमी आना. अन् माहे साडेचार हजार चारीचे मिळून होते."

मामा खाली पाहत म्हणाले, "चाचा, चहा हाय का?"

"वीस दिवसाचा बाकी हाय. बसा."

चाचांनी चारही सिलिंडरमध्ये नव्या स्लीव्ह, म्हणजे आतून बसणाऱ्या लोखंडी नळ्या, ठोकल्या, देशी पिस्टन आणवले, मापाने बोअर केलं. अक्षय तृतीयेच्या सकाळी जीप सुरू झाली. वऱ्हाड वेळेत पोचलं. मला टपावर बसवलं होतं.

पुढे मला वाशीमला एका कार्यालयात नोकरी लागली. मामांची माफी फोनवर मागता येईना, म्हणून पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार. तुम्ही आठवण म्हणून दिलेल्या इम्पोर्टेड पिस्टनमध्ये मी पेनं ठेवतो. तेव्हा चुकलो, माफ करा. साहेबांनी मला पदवीधर म्हणून खरेदीचे दर तपासायला बसवलं आहे. सोमवारी पहिली खरेदी आहे. चाचांना घेऊन रविवारीच निघा."