विकलेल्या अकाउंटमधली मेंढरं

अमावास्येला नवीन मशीन खोलायला घेणारा मी माणूस. शनिवारी लिंबू-मिरची विकत फिरणाऱ्याला इतक्या वेळा परत पाठवलंय, की आता तो माझ्या दुकानापुढे थांबतच नाही. कुणाला काय दिसलं, कुणाच्या अंगात आलं, असला विषय निघाला की मी हसून उठून जायचो. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते मला कशातच बसवता येत नाही... म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

रहिमतपुरात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याला जोडून मी पीसी गेम्सचा धंदा करायचो. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — आता गेम सीडीवर येत नाहीत. ऑनलाइन विकत घ्यायचे आणि डाउनलोड करायचे. घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला कायमचा चिकटतो, एकटा काढून दुसऱ्याला देता येत नाही. मग लोक अख्खं अकाउंटच विकतात. मी अशी अकाउंट घ्यायचो, तपासायचो, त्यांचा ईमेल, नंबर, पासवर्ड बदलायचो आणि पुढे गिऱ्हाइकाला द्यायचो. कंपन्यांच्या नियमात हे बसत नाही. मला माहीत होतं, तरी करत होतो.

एप्रिलमध्ये महादेव नावाचा एक जण आला. कवठे महांकाळच्या पुढे, जतच्या अंगाला त्याची वाडी. पुण्यात कंपनीत होता तेव्हा हौसेनं पीसी घेतलेला, अकरा गेम घेतलेले. आता गावी येऊन मोटारी रिवाइंड करून देतो. कॅबिनेट गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन आला होता.

"चांगला चालतोय की. विकताय कशाला?" मी विचारलं.

"आबांच्यामुळं वो. माझं वडील. दिवसभर त्याच्यापुढं बसत्यात. डोळ्यातनं पाणी गळतंय, पर जेवायला उठत न्हाईत."

मला हसू आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि गेम? मग त्यानं सगळं सांगितलं. त्यांची दोनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत. गुडघे गेले तेव्हा महादेवनं कळप विकून टाकला.

"त्या दिसापासनं बोलायचंच बंद झालं, दादा. मग ह्यो मेंढरांचा गेम लावून दिला. माउस धरायला शिकवला. लय लळा लागला त्यांना. आता डॉक्टर म्हणत्यात, डोळं जातील."

मी पीसी आणि अकाउंट दोन्ही घेतलं. हार्ड डिस्क फॉरमॅट करून त्याच आठवड्यात पीसी सुटे भाग करून विकला. अकाउंटचा पासवर्ड बदलला. म्हणजे आबांच्या घरात त्या गेमचं आता काहीही शिल्लक नव्हतं.

तपासायचं म्हणून मी तो मेंढरांचा गेम माझ्या मशीनवर डाउनलोड केला. परदेशी गेम. हिरव्या टेकड्या, एक ओढा, एक कुत्रं आणि कळप. मारामारी काही नाही, नुसती मेंढरं राखायची. खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू होतो, तो डेटा कंपनीकडे जपलेला असतो. आबांची सत्तेचाळीस मेंढरं होती. प्रत्येकीला नाव दिलेलं. मोरी, ढवळी, बांडी, भुंडी... एक लक्षात ठेवा — गेम बंद असला की आतला वेळही थांबतो.

चौथ्या दिवशी महादेवचा फोन आला.

"दादा, त्यो गेम कुणी उघडलावता का?"

"मीच. काल जेवल्यावर, तीनच्या सुमाराला. का?"

"आबा तवाच खाटंवर उठून बसलं. म्हणालं, कुणीतरी नवखा माणूस हाय, कुत्र्याला उगं पळवतोय."

खरंच मी तासभर कुत्र्यालाच इकडून तिकडे पळवत बसलो होतो. नवीन माणूस हेच करणार, म्हाताऱ्यानं अंदाज केला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. पण डोक्यातून जाईना. मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. कधी सकाळी दहाला, कधी चारला, मनाला येईल तेव्हा गेम उघडायचो आणि काय केलं ते कागदावर लिहायचो. महादेवला फक्त विचारायचो, आज आबा काय म्हणाले? ढवळी वाटेतच बसली म्हणाले — बसली होती. कळप पलीकडच्या टेकडीला नेला म्हणाले — नेला होता. पाच दिवस, पाचही वेळा बरोबर.

सहाव्या दिवशी मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. या अकाउंटवर कुणी कुठून तरी लक्ष ठेवत असेल, तर काहीतरी अनपेक्षित करून बघावं असा विचार केला. मोरीला कळपातून वेगळं काढलं, कुत्रं मागे लावलं आणि तिला ओढ्यात घातलं. तिथे पाणी जोरात असतं. ती दोनदा वर आली. मग नावापुढे लाल खूण आली.

पाच मिनिटांत फोन वाजला. महादेव रडवेला झाला होता. "दादा, बंद करा वो ते. आबा छाती बडवून घ्यायला लागलेत. मोरी गेली म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी बाइकवरून विटा, तासगाव करत त्यांच्या वाडीवर गेलो. खात्री करून घ्यायची होती. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, महादेवकडे साधा मोबाइल, तोही दिवसभर त्याच्या खिशात. आबा लिंबाखाली खाटेवर होते. हडकुळे, उंच, अंगावर काळं घोंगडं. मी कोण हे महादेवनं त्यांना सांगितलं नव्हतं. "रहिमतपूरचं पावणं हायेत," एवढंच म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तूच न्हवं त्यो?" ते म्हणाले. "कुत्रं चुकलं म्हणून झालं आसंल, आसं मी म्हणत हुतो. पर तू मुद्दाम घातलीस तिला पाण्यात. व्हय का न्हाई?"

मी म्हणालो, "आबा, चुकलं."

"गाभण हुती," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

परतीच्या वाटेवर दोन वेळा गाडी थांबवली मी. आल्यावर गेम उघडून मोरीची माहिती बघितली. त्या गेममध्ये मेंढी गाभण असली की बाजूला छोटं चिन्ह येतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. होतं तिथे.

मी घाबरलो. सरळ सांगतो, मला ते अकाउंट माझ्याकडे नको होतं. परत देऊन टाकायला हवं होतं, तेवढी अक्कल आज आहे. तेव्हा मी ते सांगलीच्या ऋतुजा नावाच्या कॉलेजच्या मुलीला विकलं आणि तिला यातलं काही सांगितलं नाही. तिला त्यातले रेसिंगचे गेम हवे होते.

आठ-दहा दिवस शांततेत गेले. मग महादेवचा फोन. "आबा झोपंनात, दादा. मेंढरं उभीच हायेत म्हणत्यात. कुणी बसवंना, कुणी हलवंना. ताप भरलाय. मिरजेला दवाखान्यात दाखवलं, रगत तपासलं, समदं बराबर हाय म्हणत्यात."

मी डोळे मिटून आठवलं. मी शेवटचा गेम बंद केला तेव्हा कळप माळावर मधेच उभा होता.

ऋतुजाला फोन लावला. "जरा विचित्र मागणं आहे. तो मेंढ्यांचा गेम आहे ना, तो उघडून सगळ्या मेंढ्या कुंपणात घालशील का? आणि मगच बंद कर."

ती हसली. "काका, हे काय नवीन?" पण चांगली मुलगी. संध्याकाळी मेसेज आला — घातल्या. महादेव म्हणाला, आबा सहा वाजल्यापासून ढाराढूर झोपलेत, ताप उतरलाय.

त्यानंतर तीच मला कळवायला लागली. तिला तो गेम आवडला होता. रोज कॉलेजला जायच्या आधी कळप चारून आणायची. आबांनी महादेवला सांगितलं, "आता पोरगी राखतीया. हात हलका हाय तिचा." पोरगी आहे हे महादेवला मी सांगितलं नव्हतं.

मे संपत आला होता. एका सकाळी साडेअकराच्या सुमाराला ऋतुजाचा मेसेज आला. खेळता खेळता स्क्रीन बंद पडली आणि नोटीस आली — हे अकाउंट विकलं गेल्याचं आढळल्यामुळे कायमचं बंद करण्यात येत आहे. तीन ठिकाणांहून लॉगिन झालं होतं, पकडलं जाणारच होतं. या धंद्यात असं होतं. चूक सगळी माझी.

मी तिला फोन करणार, तेवढ्यात महादेवचाच आला.

"आबा घरात न्हाईत!"

अंगणातल्या नळापर्यंत जायला आबांना आधार लागायचा. तो माणूस काठी आणि घोंगडं घेऊन कुणाला न दिसता गेला होता. सगळी वाडी शोधत होती. विहिरी बघितल्या, रस्त्यावर माणसं पाठवली. मी दुकानात बसून दर दहा मिनिटांनी फोन करत होतो. त्याला काय सांगणार होतो? की मेंढरं आत अडकलीत म्हणून?

उन्हं कलल्यावर ते महादेवलाच सापडले. घरापासून चार-पाच किलोमीटरवर, माळावरच्या एका बाभळीखाली, काठीवर हनुवटी टेकून बसलेले. चेहरा शांत.

"आबा! आवं काय ह्ये! किती शोधायचं तुमास्नी?"

"वाड्यात घातली समदी," ते म्हणाले. मेंढरं कोंडायच्या कुंपणाला ते वाडा म्हणतात. "शेचाळीस भरली. चल आता घरला."

महादेवनं त्यांना उठवायला हात घातला आणि चमकला. घोंगडं चिंब भिजलेलं होतं. इतकं की पिळल्यावर धार लागली. हे त्यानं मला त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, तळ्यात पडलं आसतील. मग स्वतःच म्हणाला, "पर तळं तर मार्चमधीच आटलंय, दादा. भेगा पडल्यात." त्या भागात तोवर वळीवसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऋतुजाची माफी मागायला फोन केला. तिला मी आबांबद्दल तोपर्यंत काहीही बोललो नव्हतो. ती रागावली नाही, पण हळहळत होती.

"काका, वाईट वाटतंय हो. मेंढ्या बाहेरच राहिल्या. टेकडीवरून खाली आणत होते आणि गेममध्ये एकदम पाऊस सुरू झाला. असा पाऊस आधी कधीच आला नव्हता. समोरचं काही दिसेना. कुत्र्याला हाका मारतेय, आणि तेवढ्यात सगळं बंद."

मी फोन खाली ठेवला. नंतर तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली.

आबा आता बरे आहेत. जेवतात, नातीला मांडीवर घेऊन बसतात. मेंढरांचं नाव त्या दिवसानंतर एकदाही काढलं नाही. महादेव म्हणतो, "दादा, बरं झालंय न्हवं, मग उकरू नका." मी अकाउंटचा धंदा सोडलाय. डोक्यातून मात्र जात नाही. योगायोग म्हणावा तर किती? कुणी फसवलं म्हणावं तर कशासाठी?

कंपनीला मी चार वेळा लिहिलं. अकाउंट उघडून द्या म्हणून नाही. अकाउंट बंद झाल्यानंतर त्या दिवशी आत काही हललं का, एवढंच सांगा म्हणून. चारही वेळा तेच उत्तर आलं. हे अकाउंट बंद आहे, त्यात कुणालाही जाता येत नाही.