पुढे धावणारा काटा

आमच्या बाबांच्या टेबलावर सगळ्या गाड्या एकशेऐंशीनं पळतात. स्वतः बाबा मात्र सायकलनं दुकानात जातात आणि उतार लागला की दोन्ही ब्रेक दाबून धरतात.

गाड्यांचे वेग दाखवणारे मीटर दुरुस्त करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला खिळ्यांवर टांगलेले डायल, एक भिंग, आणि टेबलाला पक्की बसवलेली मोटर. मीटर मोटरीला जोडायचा, मोटर ठरलेल्या वेगानं फिरवायची आणि काटा नेमक्या आकड्यावर येतो का ते भिंगातून बघायचं. येत नसेल तर आतली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं घट्ट किंवा सैल करायची. मीटरवाल्याचा काटा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून बाबा वर बघायचे नाहीत, पण त्यांचे कान लाल व्हायचे.

त्यांना एक प्रश्न कायमचा चावलेला आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "डायलवर एकशेऐंशी लिहिलंय. तुम्ही कधी गेलात का तिथवर?" गिऱ्हाईक नाही म्हणायचं. "मग जिथं जायची कुणाला परवानगीच नाही, तिथवर पळणारी गाडी बनवतात कशाला? कारखान्यातच का नाही अडवत?" उत्तरं मात्र मनापासून ऐकायचे. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अडीअडचणीला जोर हाताशी असावा. लग्नाला उभा असलेला एक जण म्हणाला, कमी आकड्यांचा डायल दिसायला गरीब दिसतो. शाळेच्या व्हॅनवाल्यानं डोकं खाजवलं. "काका, एवढा विचार केला तर गाडी चालवायची कधी?" हे उत्तर बाबांनी आठवडाभर घोळवलं.

आई त्यांना एका वाक्यात गप्प करायची. "गॅसची मोठी ज्योत आपण रोज लावतो का? मग काय बटण अर्ध्यावरच अडवून टाकायचं?"

मी आईच्या पक्षात. मी दातांच्या कवळ्या बनवते आणि आसपासच्या दवाखान्यांत माझ्या जुन्यापुराण्या गाडीनं पोचवते. सगळ्यांना एकाच दावणीला बांधायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. चालवणाऱ्याला अक्कल असते, असं मी ठणकावून सांगायची. हे सांगताना माझा डावा खांदा जरा ठणकायचा, कारण दोन वर्षांपूर्वी एका वळणावर मी गाडी खड्ड्यात घातली होती आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मीटर मी बघतो."

आता बसची गोष्ट. हमरस्त्यावर रोज सकाळी मला एक लाल बस भेटते. तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, वेगमर्यादा ऐंशी. एके दिवशी माझा काटा पंच्याण्णववर असताना ही बस शांतपणे माझ्या पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम काट्यावर नजर ठेवली. पंच्याण्णव, आणि बस पुढे! म्हणजे ती शंभरनं पळत होती, पाठीवर ऐंशी मिरवत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बस कंपनीला पत्र लिहिलं, गाडीचा नंबर, वेळ, सगळं घातलं आणि शेवटी अक्कल पाजळली: "माझा मीटर माझ्या वडिलांनी स्वतः तपासलेला आहे. त्यात चूक होणं शक्य नाही."

दहा दिवसांनी भर दुपारी बाबांचा फोन आला. "गाडी घेऊन दुकानात ये."

दुकानात पन्नाशीचा एक माणूस स्टुलावर ताठ बसला होता. तो त्या बसचा चालक. माझं पत्र त्याच्या मांडीवर होतं. कंपनीनं बस पळवून पाहिली होती, काटा ऐंशीच्या पुढे हलेना. तेव्हा चालकानं काटाच कमी दाखवायला लावला असणार, असा साहेबांनी तर्क केला, त्याला घरी बसवलं, आणि मीटर तपासून आणायला सांगितलं. गावात मीटर तपासणारे आमचे बाबाच. पत्रावरचं अक्षरही त्यांनी ओळखलं होतं.

बाबांनी माझ्या गाडीचा मीटर काढला. आधी बसचा मीटर मोटरीला जोडला. मोटर फिरली, काटा ऐंशीवर थांबला. मग मोटरीचं बटण न हलवता माझा जोडला. काटा शंभरवर गेला.

"बघा!" मी म्हटलं. "यांचा कमी दाखवतोय!"

"नाही," बाबा म्हणाले. "मोटर ऐंशीच्याच वेगानं फिरतेय. तुझा जास्त दाखवतोय. मी केलाय तसा. तुझ्या अपघातानंतर."

मला आधी कळेचना. "धावलेल्या किलोमीटरचे आकडे खरे ठेवलेत," ते घाईघाईनं म्हणाले, जणू तेवढ्यानं भागणार होतं. "फक्त काटा. तुला वाटावं ऐंशी झाले, आणि तू चौसष्टवर असावंस."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

खरंच होतं ते. म्हणूनच जास्त राग आला.

चालक उठून उभा राहिला. "आठवडाभर बायको विचारतेय, काय केलंत म्हणून. वीस वर्षांत माझ्यावर एक ठपका नाही. मला हे लेखी पाहिजे, काका."

बाबांनी दुकानाचा छापील कागद घेतला. "या बसचा मीटर अचूक आहे. माझ्या मुलीच्या गाडीचा काटा मी मुद्दाम पुढे धावता ठेवला होता. चूक चालकाची नाही, माझी आहे." सही केली, शिक्का मारला. हा कागद डेपोच्या फळ्यावर लागणार हे त्यांना ठाऊक होतं. चालकानं कागद दोनदा वाचला, घडी घातली. दारात थबकून म्हणाला, "माझ्या थोरलीकडेही स्कूटर आहे." मग तो निघून गेला. दोन दिवसांनी बस पुन्हा त्याच्या हातात आली.

फळ्यावरचा कागद गावभर झाला. बाबांची नाचक्की होणार म्हणून मी धास्तावले होते. झालं भलतंच. लोक दबक्या पावलांनी दुकानात यायला लागले. कुणाचा बाप, कुणाची बायको, एक सासूबाईसुद्धा. "आमच्या जावयाच्या गाडीचं तेवढं तसं करून द्या ना." बाबा सगळ्यांना एकच सांगायचे, "त्यांना सोबत घेऊन या. त्यांच्यासमोर करतो." कुणीही परत आलं नाही.

माझा काटा त्यांनी त्याच दिवशी सरळ करून दिला होता. पहिल्यांदा खऱ्या पंच्याण्णववर गेले तेव्हा स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं आणि डिकीतल्या कवळ्या कडकडा वाजायला लागल्या. दोन वर्षं मी ज्या अकलेच्या बढाया मारल्या, ती चिमट्यानं सैल केलेली एक स्प्रिंग होती.

महिन्याभरानं मी दुकानात गेले आणि गिऱ्हाइकासारखी स्टुलावर बसले.

"बसला असतो तसा वेग अडवणारा डबा बसवायचाय."

"कुणाच्या गाडीला?"

"माझ्या."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "किती?"

"तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "एकदा परस्पर ठरवून बसलो ना."

मी विचार केला. वळण आठवलं, लाल बस आठवली, आईची मोठी ज्योतही आठवली. "पंच्याऐंशी."

त्यांच्या ओठांवर सत्तर आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं आणि फॉर्मवर पंच्याऐंशी लिहिलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून सहीची जागा दाखवली. मी सही केली. त्यांनी माझ्या गाडीचा मीटर काढून मोटरीला जोडला, मोटर चालू केली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"मीटरही एकदा तपासून घेऊ," ते म्हणाले. "काटा कुठं थांबतो ते या वेळी तूच बघ."