शेजारच्या घरातली लाइट

जिंतूरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी बिजागऱ्या घ्यायला गेले होते. काउंटरपाशी एक सुतार दोन मशीनांसमोर उभे होते. दोन्ही लाकूड कोनात कापणारी, पातं मागेपुढे सरकणारी; एक वायरचं, एक बॅटरीचं. ते आलटून पालटून दोन्हींची मूठ धरत, डोळे मिटून पातं ओढून बघत आणि कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोवत.

मला घाई होती, म्हणून मीच बोलले, "बॅटरीचं घ्या. नव्या बांधकामावर लाइट कुठे असते?"

"तेच तर, ताई," ते हसले. "लाइट शेजारी मागावी लागती. त्यांच्या खिडकीतून वायर घेतो. मग घरातली माणसं बघायला येत्यात, चहा देत्यात. बोरीला एक मावशी म्हणली, 'आमचा दरवाजा बी लय कुरकुर करायलाय, बघता का?' पुढचं काम मला असंच मिळतं. बॅटरीवर गुपचूप काम करून निघालो, तर मला वळखणार कोण?"

"अन् लाइट गेली तर, मिस्त्री?" दुकानदारानं चिडवलं.

"मग तर निवांत गप्पा, शेठ. दोन कामं मिळत्यात."

दुसऱ्याच्या दारात इतक्या आनंदानं मागायला जाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

वायरचं मशीन पक्कं झालं. दुकानदारानं सोबत जोडवायर काढली, ती त्यांनी बाजूला सारली.

"ह्याच्याहून लांब द्या. शेजारी कुलूप असलं, तर पलीकडच्या घरापस्तोर पोचली पाहिजे."