दारावरचं तिसरं नाव

खोली बघायला गेलो तेव्हा रझिया खालांनी भाडं सांगितलं नाही, अनामत विचारली नाही. मला दारात उभं केलं, आतून रंगाचा डबा आणि बारीक ब्रश आणला आणि म्हणाल्या, "नाव सांगा. पुरं सांगा."

माझं काम साखर कारखान्यांचे वजनकाटे तपासण्याचं. गळीत हंगाम संपेपर्यंत कंपनीने मला सांगलीहून नगरला पाठवलं होतं. रोज संगमनेर नाहीतर कोल्हारच्या बाजूला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याआधी पाहिलेल्या प्रत्येक घरमालकाने एक अट न विसरता घातली होती: दारावर नाव लावायचं नाही. उद्या भाडेकरू हक्क सांगेल, ही भीती. ती मला रास्तच वाटली होती. म्हणून मी खालांना सांगितलं, मी हंगामापुरता आलोय, नावाची गरज नाही.

"किती दिस ऱ्हानार ते मी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "नाव इचारलं."

दारावर गर्द हिरव्या रंगाची सागवानी पाटी होती. वर त्यांच्या नवऱ्याचं नाव, त्याखाली 'रझिया शेख' आणि त्याखाली एक मोकळी ओळ. तिथे पिवळ्या रंगात 'वसंत शिंदे' लिहून झालं. 'शिं'वरचा अनुस्वार देताना त्यांनी श्वास रोखला होता.

नवरा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, टेम्पोंचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याने रंगवलं. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पुढे तोही गेला. अक्षर खाला त्याच्याकडूनच शिकल्या होत्या. बाजारात माझ्याबरोबर आल्या की एखाद्या फ्लेक्सपुढे थांबायच्या आणि तो आजारी असल्यासारखं त्याच्याकडे बघायच्या. एकदा मिठाईवाल्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुझी जिलबी सरळ आणि पाटी वाकडी आहे. त्याने हसत पावशेर जिलबी बांधून दिली. त्यांनी तिचे पैसे दिले आणि मत बदललं नाही.

माझ्याशी त्यांचे खटके उडायचे. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला 'साधारण' हा शब्द खपत नाही, आणि खालांचा स्वयंपाक सगळा साधारणवर चाले. मी मिठाबद्दल बोललो की त्या म्हणायच्या, "शिंदेभाऊ, जिभेला काटा लावून बसलाय व्हय तुमी?" पण पाटीच्या बाबतीत त्या माझ्याहून काटेकोर होत्या. अवकाळी पावसात ओळीचा एक कोपरा उडाला, तर पीठ मळायचं टाकून रंग लावायला बसल्या.

त्यांचा मुलगा अस्लम पुण्यात नोकरीला. सरळ मनाचा, आईची काळजी करणारा. आईने एकटं राहू नये, घर विकून आपल्याकडे यावं, असं तो दर फोनला सांगायचा. एका रविवारी तो गिऱ्हाईक घेऊनच आला. गिऱ्हाइकाने घर बघितलं, भिंती वाजवून पाहिल्या आणि जाताना दारात थांबला.

"हे शिंदे कोण?"

अस्लम म्हणाला, भाडेकरू आहेत, नाव काय, आत्ता खरवडून टाकतो. त्याने खिशातून किल्ली काढली आणि पाटीला लावली. खाला मधे येऊन उभ्या राहिल्या. मायलेक एरवी आपसात हिंदीत बोलत. त्या दिवशी खाला मुद्दाम मराठीत बोलल्या, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून.

"तुज्या बापाची पाटी हाय ती. तिच्यावर मी लिवनार आन मीच पुसनार. किल्ली खिशात ठेव."

गिऱ्हाईक माझ्याकडे वळला. तुम्ही हंगाम संपला की जाणार ना, तेवढं लिहून द्या, म्हणाला. मी जाणार होतो, हे खरंच होतं. खोटं बोलण्याचा माझा स्वभाव नाही. पण मी लिहून दिलं असतं तर त्या बाईच्या पायाखालचं घर माझ्याच सहीने गेलं असतं. मी म्हणालो, "मी खालांचा भाडेकरू आहे. माझ्याबद्दल जे विचारायचं ते त्यांना विचारा."

"ह्ये गेले तर दुसरं येतील," खाला म्हणाल्या. "पाटी रिकामी ऱ्हात न्हाई आमची."

गिऱ्हाईक गेला. अस्लम पायरीवर बसला. त्याला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. पुण्यात तुला काय कमी आहे, स्वतंत्र खोली आहे, लिफ्ट आहे, नातवंडं आहेत, असं तो सांगत राहिला. खालांनी सगळं ऐकून घेतलं.

"तितं दारावर तुजं नाव हाय," त्या तशाच मराठीत म्हणाल्या. "सूनबाईचं हाय. पोरांची सुदिक हायेत. इतकी वर्सं येते-जाते मी. माजं कुटं हाय?"

त्या आत गेल्या आणि त्याच्यासाठी भाकरी टाकायला घेतली.

महिन्याभरात अस्लमने पुण्याच्या दारावर आईच्या नावाची स्टीलची पट्टी लावली आणि तिला बघायला नेलं. चार दिवसांत खाला एसटीने परत आल्या. कशी आहे पट्टी, मी विचारलं.

"छापील हाय," त्या म्हणाल्या. आत जाता जाता पुढे म्हणाल्या, "पर हाय."

घराचा विषय मात्र त्यांनी काढू दिला नाही.

हंगाम संपला. निघायच्या दिवशी त्यांनी हिरव्या रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. जाणाऱ्याने आपलं नाव आपण झाकायचं, ही त्यांची रीत. खरवडायचं नाही. मी माझ्या नावावर हिरवा हात मारला. रंग सुकल्यावर त्यांनी मला त्या ओळीवरून बोट फिरवायला लावलं. तिथे पाटी फुगली होती. एकावर एक कितीतरी थर होते. "समदे आत हायेत," त्या म्हणाल्या. "कुनाला घालवलं न्हाई मी."

परवाच्या उन्हाळ्यात खाला गेल्या. झोपेत, त्याच घरात. मी अस्लमला भेटायला त्या घरी गेलो तेव्हा तिसऱ्या ओळीत 'सुनीता गर्जे' होतं. खर्ड्याकडची मुलगी, इथल्या एका दवाखान्यात नर्स. खालांच्या अक्षराची कड थरथरलेली होती, पण ओळ सरळ होती.

आम्ही बसलेलो असताना एक ओळखीचा चेहरा दारात आला. तोच गिऱ्हाईक. थोडा वेळ दुःखाचं बोलला, मग अस्लमला हळूच विचारलं, आता तरी मोकळं होईल ना घर?

अस्लमने पाटीकडे बोट केलं.

"वाचता येतं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "तिघं राहतात इथं."